काका मस्त मरतात

आमच्या इस्पितळात आठवड्याला एखादा तरी मरतो, आणि मेलेल्याला पहिला चहा मिळतो.

इस्पितळ म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेतलं. एका जुन्या गोदामात लोखंडी खाटा मांडल्यात, भिंती फिक्या हिरव्या रंगवल्यात, खिडकीच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. लढाईचा काळ, जखमी सैनिक आणि त्यांच्यासाठी मरमर मरणाऱ्या नर्सा, अशी गोष्ट आहे. मी तिथे पेशंटांना बँडेज बांधते, म्हणून सगळे मला पट्टीमावशी म्हणतात. सीनमध्ये जो मरेल त्याच्या हातात सगळ्यांच्या आधी कप द्यायचा, ही तिथली रीत. अपशकुन नको म्हणून कुणीतरी सुरू केली. आता चहावाला आल्या आल्या विचारतो, "आज कोण गेलं?"

आमच्या ह्यांना तिथे मीच चिकटवलं. हे बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. मागच्या वर्षी हृदयाने दगा दिला आणि डॉक्टर म्हणाले, फुंकणं बंद. तेव्हापासून वाद्य कपाटावर आणि हे खुर्चीत. बोलणं नाही, भांडण नाही. भांडण थांबलं तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. म्हातारा पेशंट हवाय असं कळल्यावर मी ह्यांच्या डोक्याला पट्टी गुंडाळली आणि खिडकीजवळच्या खाटेवर नेऊन निजवलं. चार दिवसांत शेजारपाजारच्या खाटा ह्यांच्याभोवती गप्पा मारायला जमू लागल्या. घरी येऊन हे माझ्या भाजीला नावं ठेवू लागले. मला इतका आनंद झाला की मीसुद्धा दोन शब्द सुनावले.

आणि मग लेखकाने ह्यांना मारायचं ठरवलं. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही. म्हणजे पुन्हा ती खुर्ची. मी तडक दिग्दर्शकाकडे गेले. आमच्या धाकट्याच्या वयाचा आहे.

"जरा आजारीच ठेवा ना त्यांना," मी म्हटलं.

"मावशी, लढाई चालू आहे. कुणीतरी मरायला नको?"

इकडे ह्यांना कोण आनंद! घरी सोफ्यावर मरणाची तालीम सुरू झाली.

"अगं, मान डावीकडे टाकू की उजवीकडे?"

"कुठेही टाका. माझ्या निवडलेल्या भाजीत नको."

शूटिंगच्या दिवशी मी पट्टी जरा जास्तच निगुतीने बांधली. हे छान मेले. मोठ्या सिस्टरचं काम करणारी पोरगी खरंखुरं रडली आणि तिने ह्यांच्या तोंडावर चादर ओढली. कॅमेरा हळूहळू पुढे सरकत होता. टेक चालू असताना कुणी शिंकलं तरी मी त्याला फाडून खाते, पण त्या दिवशी माझी नजर चादरीवर खिळली. चादर हलत नव्हती. मागच्या वर्षी खऱ्या इस्पितळात मी ह्यांच्या उशाशी बसून रात्रभर तेवढंच पाहिलं होतं, चादर वर जाते आणि खाली येते. इथे ती वर जाईना.

मी कॅमेऱ्यासमोर धावले आणि चादर फर्रकन ओढली. "अहो! अहो, उठा ना!"

ह्यांनी एक डोळा उघडला. "अगं, कट म्हणाले का?"

सगळं गोदाम हसलं. दिग्दर्शक हसला नाही. "मावशी, जरा बाहेर या." हेही लोंबती पट्टी सावरत मागोमाग आले. आता दोघांनाही नारळ, हे मी ओळखलं.

"काका एवढा वेळ श्वास धरतात कसा?" त्याने विचारलं.

"क्लॅरनेटवाले आहेत ते," मी म्हटलं आणि मागच्या वर्षीचंही सांगून टाकलं.

त्याने ह्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "आमचे मेलेले लोक चादरीखाली चुळबुळ करतात हो. काका मस्त मरतात. तोंडभर पट्ट्या बांधल्या तर दर वेळी नवा पेशंट होईल. जास्त वेळ नाही धरायला लावणार, थोडक्यात आटपू. पण तुम्ही अशा धावून आलात तर कसं चालेल?"

मला हवं होतं तेच समोर आलं होतं, आणि तोंडातून निघालं, "नको. दर आठवड्याला विधवा व्हायची ताकद नाही माझ्यात."

हे डोक्याची पट्टी सोडवायला लागले. डॉक्टरांनी फुंकायचं बंद करा म्हटलं तेव्हा जसा चेहरा झाला होता, अगदी तसाच झाला. तो चेहरा मला परत घरी न्यायचा नव्हता.

"मग चादर मी ओढणार," मी म्हटलं. "वॉर्डातली आया म्हणून घ्या मला."

"डायलॉग मिळणार नाही, मावशी."

"मला मेलीला काय बोलायचंय!"

आता हे कधी भाजलेला शिपाई असतात, कधी जबडा फुटलेला ड्रायव्हर. मी पांढरा रुमाल बांधून खाटेशी उभी असते. हे मान टाकतात, मोठी सिस्टर हुंदका देते, आणि मी ह्यांचा बाहेर लोंबणारा हात उचलून चादरीत सारते. प्रेक्षकांना तेवढंच दिसतं. आत हे माझं बोट मुठीत धरून दाबतात. ते दाबेपर्यंत मी चादर तोंडावर घेत नाही, मग सिस्टरला कितीही वेळ रडत बसावं लागो.