चालत ताईकडे

हर्षदचं पोट हा त्यांच्या घरात कौतुकाचा विषय होता. तो दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो. दिवसभर बसून काम, आणि उठलाच तर वडापावसाठी. त्यावरून कुणी त्याला टोकलं की त्याची थोरली बहीण जानकी अंगावर धावून जायची. "खात्यापित्या घरचा आहे तो," म्हणायची. ते घर म्हणजे तीच. आई गेली तेव्हा हर्षद पहिलीत होता, ताई दहावीत, आणि वडील गिरणीच्या पाळ्यांत अडकलेले. ताईने शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. तिला माया बोलून दाखवता यायची नाही. ती ताटात वाढायची, आणि ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढायची.

त्याच ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी निकामी झाल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मालाडला कुरारमध्ये वन रूम किचनमध्ये एकटी राहणार, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणार. किडनी मी देतो, असं हर्षदने विचारायच्या आधीच सांगून टाकलं. त्याची बायको अक्षता रात्रभर जागी राहिली, पण सकाळी तीही हो म्हणाली. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. गाडी अडली ती वजनाच्या काट्यावर.

"किडनी उत्तम आहे तुमची," डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या. "फक्त तिच्याभोवतीचा माणूस जरा कमी करून आणा."

हर्षदने मग सगळे करतात तेच केलं. जिमचे वर्षाचे पैसे भरले, चकचकीत बूट घेतले, रात्रीचं जेवण सोडलं, आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर असा धावला की जणू मागे कुत्रं लागलंय. आठवडा संपायच्या आत कोर्टात साक्ष टिपून घेताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. साक्षीदार राहिला बाजूला आणि जज्जसाहेबांनी आपल्या टेबलावरचं पाणी स्टेनोला पाजलं.

डॉक्टरबाईंनी ऐकलं आणि चांगलंच झापलं. "ऑपरेशनच्या दिवसापुरता बारीक माणूस मला नकोय. पुढचं सगळं आयुष्य तुम्हाला एका किडनीवर काढायचंय. म्हातारे झालात तरी करत राहाल असं काहीतरी सुरू करा. चाला. आणि बागेत गोल गोल फिरू नका, कंटाळाल. जिथे जावंसं वाटतं तिथे चालत जा."

जावंसं वाटावं अशी जागा हर्षदला एकच ठाऊक होती. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी दिंडोशीतल्या घरून कुरारला, ताईकडे, चालत जायला लागला.

सुरुवातीला हाल झाले. चढ आला की धाप लागायची, पोटऱ्या भरून यायच्या, बसस्टॉप दिसला की पाय आपोआप थांबायचे. पण रोज उठायला कारण होतं. ताई रात्री कशी झोपली, पायांची सूज उतरली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. होता होता चढावरचा बसस्टॉप मागे पडायला लागला. एखाद्या दिवशी चालणं चुकलं तर अंगच जड वाटायचं. आपल्याला हे आवडतंय हे कळल्यावर तो स्वतःशीच थोडा लाजला.

घोटाळा पुढे होता. ताईच्या दारात पाय टाकला की तव्याचा चर्र आवाज यायचा.

"बस रे बाबू. एवढा चालून आलास, पोटात आग पडली असेल."

आणि मग घावणे, सोबत नारळाचा गोड रस. ओल्या काजूची उसळ. रविवारी वडे-सागोती. ताईला स्वतःला यातलं काही खायची मुभा नव्हती. पाणीसुद्धा मापून प्यायची. ती समोर स्टूल घेऊन बसायची आणि त्याला खाताना बघायची, आणि तेवढा वेळ तिचा सुकलेला चेहरा पुन्हा पूर्वीसारखा दिसायचा. हर्षदने नाही म्हणायचं तरी कसं? तो खायचा, आणि घरी येऊन अक्षताला सांगायचा, "नुसता चहा घेतला."

"नुसत्या चहाने शर्टाला तेल लागतं होय," अक्षता म्हणायची, आणि शर्ट भिजत टाकायची.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलात वजन करायचा दिवस आला. ताईचं डायलिसिसही त्याच दिवशी होतं. ते आटोपून ती बाहेर बाकावर बसली होती. हर्षद काट्यावर उभा राहिला. पाय हलके झाले होते, दम टिकत होता, म्हणून तो आनंदात होता. काट्याने त्याला पहिल्यापेक्षा जास्त वजन दाखवलं.

तो खाली मान घालून बाहेर आला. ताईला कसं सांगायचं, तिची आशा आपण आपल्या जिभेपायी घालवली, या विचाराने त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"ताई, वाढलंय गं. सध्या नाही म्हणाले."

आणि त्याने वर पाहिलं. ताईचे खांदे सैल पडले होते. ती डोळे मिटून हळूच सुस्कारा सोडत होती. त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, तो पास झाल्याचं कळल्यावर सोडला होता, अगदी तसाच. तिला सुटल्यासारखं वाटत होतं.

हर्षद मटकन तिच्याशेजारी बसला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जिला धड उभं राहवत नाही ती बाई पहाटे उठून वडे का तळते, हा प्रश्न त्याच्या मठ्ठ डोक्यात दोन महिन्यांत एकदाही आला नव्हता.

"तू मुद्दाम करत होतीस," तो म्हणाला.

ताई आधी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुझी पोर चौथीत आहे. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर? आई गेलेल्या घरात मी वाढलेय. बाप गेलेल्या घरात तिला नाही वाढू देणार."

"आणि तू गेलीस तर?"

"माझं काय. झालंच माझं सगळं."

"माझं नाही ना झालेलं," हर्षद म्हणाला आणि भर कॉरिडॉरमध्ये रडायला लागला. एवढा दांडगा माणूस लहान मुलासारखा हुंदके देतोय म्हटल्यावर येणारेजाणारे वळून बघायला लागले. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण हो म्हणाली नाही. ती जन्माची हट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तिच्या दारात हजर. घावणे तयार होते. त्याने ताट हळूच बाजूला सारलं.

"मेल्या, रागावलास?"

"नाही. किडनी नको असेल तर नको घेऊस. पण चालत मी रोज येणार, आणि चहाच पिणार. तुझ्यावर दबाव टाकायला नाही गं. चाललं की मला बरं वाटतं, आणि तुला बघितलं की बरं वाटतं. ऑपरेशन होवो न होवो, हे आता सुटायचं नाही."

ताई फणकारली. त्यानंतर कितीतरी दिवस तवा तापत राहिला आणि ताट तसंच राहिलं. शेजारणीच्या पोरांची चंगळ झाली. दोघांनाही ते सोपं गेलं नाही. एकदा ओल्या काजूच्या उसळीपुढे हर्षदचा धीर सुटला आणि त्याने वाटीभर खाल्लीच. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा. मे महिन्यात घामाने निथळत आला, पावसात छत्री घेऊन आला. जिने चढून आला तरी आता दारात उभा राहून धापा टाकत नसे. ताई हे सगळं बघत होती. त्याच्या गालांची हाडं दिसायला लागली म्हणून आधी हळहळली, मग त्याच्या कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पडलेली बघून हळहळायची थांबली. आपण समजत होतो तसा हा माणूस खंगत नाहीये, उलट सुधारतोय, हे तिच्या डोळ्यांना मान्य करावंच लागलं. एका सकाळी ती चपला घालून खाली उतरली आणि त्याला परत जाताना नाक्यापर्यंत सोडायला आली, सावकाश, त्याच्या दंडाला धरून.

पुढच्या आठवड्यात तो पोचला तेव्हा तळणाचा वास नव्हता. ताईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यात मुगाचं एकच घावन, तेही जेमतेम तेल लावलेलं, आणि काकडीच्या चार फोडी. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला कमी वाढलं होतं.

"डॉक्टरबाईंना विचारून केलंय. खा."

हर्षद ताटाकडे बघत राहिला. त्याने ते दोन घासांत संपवलं. मग हसू आवरत त्याने विचारलं, "अजून एक दे ना, ताई."

"मिळणार नाही," ताई म्हणाली. ती त्याच्याकडे पाठ करून तवा घासत होती. "मला किडनी धड हवीय. आणि भाऊही."