रागिणीची जागा

मामांचा फोन आला तेव्हा मिस्बाह अकोल्याला दादीच्या घरी चहा गाळत होती.

"तुहं पुस्तक वाचलं मी," महादेवराव म्हणाले. "उद्या तुह्या पुस्तकाच्या कार्यक्रमाले येतो अमरावतीले." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

हातातला चहा ओट्यावर सांडला. दादी हलीमाबींनी फडकं दिलं. "मामू था? आने दे. बहन थी उसकी."

तेच तर भय होतं. मिस्बाहची आई रागिणी भातकुलीच्या शेतकरी घरातली. अकोल्याच्या साजिदशी लग्न करून ती मस्कतला गेली अन् माहेर तुटलं. निकाहात कागदावरचं नाव बदललं, पण घरात अब्बू तिला रागिणीच म्हणत. अब्बू तिथेच वारले. काही वर्षांनी आई आजारी पडली, तेव्हा तिनं लेकीला सांगून ठेवलं, मला साजिदजवळच ठेव. मिस्बाहनं तसंच केलं. मग आई गेल्याचं कळून, इतक्या वर्षांनी भातकुलीहून मामांचा फोन आला, "अग्नी नीट दिला ना?" तिच्या तोंडून हो निघून गेलं. त्या 'हो'वर विसंबून मामांनी डोकं भादरलं, बहिणीचं तेरावं केलं, गाव जेवू घातलं.

आणि पहिल्याच कादंबरीत मिस्बाहनं ते दफन लिहिलं. नावं बदलली, गाव बदललं. मस्कतच्या रिकाम्या घरात लिहिताना, भातकुलीत कोणी हे वाचेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत दादीशेजारी बसूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मामा एकटेच येतील, की मुलाला घेऊन? मामेभाऊ अमोलचे स्टेटस ती फोनवर बघायची. अलीकडे त्यातली मुसलमानांविषयीची भाषा वाचून ती फोन पालथा ठेवायची.

राजापेठेतल्या छोट्या सभागृहात मामा मागच्या रांगेत बसले होते. एकटेच. मिस्बाहनं दोन पानं वाचली, पण स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला. प्रश्नांची वेळ आली, तसे ते उठले. कोणीतरी त्यांच्या हाती माइक दिला.

"त्या बाईले पुरलं असं लिवलं तुमी. हे मनचं हाय का खरं?"

मनचं आहे म्हटलं असतं तर सुटली असती. सभागृहाला काय कळणार होतं? तिनं पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच ठेवला.

"खरं आहे, मामा."

खुर्च्या वाजल्या. लोक वळून पाहू लागले.

"तिनं सांगतलं होतं?"

"हो."

"नाव कोणतं लिवलं तिच्या कबरीवर?"

"तिथं नाव लिहीत नाहीत. नुसता दगड असतो."

"मंग तिचा कोणता, हे तुले कसं समजते?"

"अब्बूंच्या शेजारचा."

मामा माइक परत देऊन बाहेर गेले.

कार्यक्रम संपल्यावर ते जिन्याशी थांबलेले दिसले. मिस्बाह त्यांच्याकडे गेली. हलीमाबी मागे होत्या.

"मले खोटं काहून सांगतलं?"

"भीती वाटली."

"मीनं तिच्याशी इतकी वर्षं बोलणं टाकलं. वाटनच भीती." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "अमोलनं अजून वाचलं नाही. पण कोणी ना कोणी सांगनच त्याले. मी समजावतो. आयकन का नाही, सांगता येत नाही. सध्या भातकुलीले येऊ नको. एकटी फिरू नको."

हलीमाबींना हात जोडून ते जिना उतरले.

रिक्षात बसल्यावर गर्दीत एक मोटारसायकल मागे येऊन हळू झाली. मिस्बाहनं दादीचा हात घट्ट धरला. मोटारसायकल बाजूनं पुढे निघून गेली. तिनं हात मात्र सोडला नाही.