पुढे म्हणजे आधी

स्क्रीनवाला आल्यापासून फोनवर कुजबुजत होता आणि आहारवाल्या बाईंच्या मते सरळ माणूस कुजबुजत नाही.

त्यांच्या क्लिनिकच्या भिंतीवर ही नवी रुंद स्क्रीन लागली होती ती खास थोरल्या जाऊबाईंसाठी. त्यांचेच ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो, मध्ये अकरा किलोंचा फरक. जाऊबाई स्वतः अकरा वाजता बघायला येणार होत्या. त्यांना पटलं तर सासरचा अख्खा गोतावळा नाव नोंदवणार. नाही पटलं तर तोच गोतावळा जन्मभर दात काढणार.

आणि स्क्रीनवर ‘नंतर’च्या जाऊबाई सोफ्याएवढ्या दिसत होत्या.

स्क्रीनमागच्या, लिनक्सवर चालणाऱ्या छोट्याशा कॉम्प्युटरच्या डबीकडे बोट करत स्क्रीनवाला म्हणाला, “हिनं चौकोनी चित्र ताणून रुंद केलंय. रेझोल्यूशन चुकलंय.”

“चुकलंय की चुकवलंय? समोरच्या जिमवाल्यानं पाठवलं नाही ना तुम्हाला?”

“मला तुम्हीच बोलावलंत, ताई.”

“तेच तर!”

त्यानं डबीच्या सेटिंगमध्ये तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट असं टाइप केलं, डबी बंद करून चालू केली. सोफा जागचा हलला नाही. त्यानं ऑफिसातल्या दादाला फोन लावला. बाईंनी हात लांब करून स्पीकर दाबला.

“सेटिंगमध्ये ती जाळीची खूण आहे ना, हॅशची, तिच्या पुढे लिहिलंस का?” दादानं विचारलं.

“पुढेच लिहिलं. पहिली जाळी, मग आकडा.”

“अरे गाढवा, पुढे म्हणजे आधी! जाळीनंतरचं मशीन वाचतच नाही!”

बाईंचे डोळे बारीक झाले. पुढे म्हणजे आधी. म्हणजे नंतर म्हणजे काय? ही उघड उघड सांकेतिक भाषा होती.

त्यानं आकडा जाळीच्या अलीकडे आणला. स्क्रीन काळी झाली. दारातून जाऊबाई आत आल्या आणि स्क्रीन उजळली.

‘नंतर’च्या जाऊबाई सडसडीत. ‘आधी’च्याही बऱ्यापैकी सडसडीत.

जाऊबाई स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. “हा आधीचा फोटो माझाच?”

“तुमचाच, जाऊबाई.”

“खरा?”

“अगदी खरा. आत्ताच दुरुस्त करून घेतलाय.”

जाऊबाईंनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा स्क्रीनवाल्याकडे. मग खुर्ची ओढून बसल्या.

“मी आधीच एवढी बरी होते, तर चार महिने काकड्या कशाला खाल्ल्या गं?”

आणि स्क्रीनवाल्यापुढे चहाबरोबर ठेवलेली बिस्किटांची बशी त्यांनी शांतपणे स्वतःकडे सरकवली.