ताई कोणाच्या मशीनवर

करार एका ओळीचा होता. ‘गंज’चा आवाज ‘बिनपायरी’च्या मशीनवर रेकॉर्ड होईल आणि ‘बिनपायरी’चा ‘गंज’च्या. दोन्ही बँड सहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. आता एकत्र अल्बम करायचा, तोही लोकांसमोर, सत्तेचाळीस मिनिटं न थांबता. आपल्याच गिटारला कोणी गुपचूप झुकतं माप द्यायला नको, म्हणून ही अट.

रविवारी दुपारी तीनला गालिचांच्या रिकाम्या गोदामात साठ माणसं खुर्च्यांवर बसली. समोरासमोर दोन ड्रमसेट, मधे चार गिटारवाले. त्यातला एक स्टीलच्या चमच्याने तारा घासत होता. मागे काचेची केबिन होती. तिथे दोन मशीनं शेजारी शेजारी मांडलेली. ‘गंज’चं मशीन बारक्या सांभाळत होता, ‘बिनपायरी’चं वहिनी. वहिनी म्हणजे ‘बिनपायरी’च्या ड्रमरची बायको. ड्रमरला सगळे दादा म्हणत, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी.

गाणार होती बारक्याची थोरली बहीण. ताई नऊ वर्षं ‘गंज’मध्ये गायली, मग ‘बिनपायरी’त गेली आणि त्यावरूनच भांडण पेटलं. सोमवारी सकाळी आठला तिचं स्वरयंत्र काढणार होते. गाठ वाढली होती. आजच्या गाण्याला डॉक्टरांनी कुरकुरतच होकार दिला होता: दोनदा, चार-चार मिनिटं, त्याउपर एक ओळही नाही. गाठीतून रक्त सुरू झालं तर श्वासाचीच पंचाईत होईल, असं त्यांनी बारक्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. संध्याकाळी सहाला दाखल व्हायचं होतं.

एकविसाव्या मिनिटाला ताई स्टुलावरून उठून माइकपाशी गेली. तिचा आवाज गोदामभर पसरला. मशीनवर प्रत्येक माइकचा एक दिवा होता, आवाज आला की तो लागे. बारक्याने मान वळवून वहिनींच्या मशीनवर तिचा दिवा शोधला. त्याच वेळी वहिनी त्याच्या मशीनवर शोधत होत्या.

“वहिनी, ताई कुठंय?”

“कुठंय म्हणजे? तुझ्याकडे.”

“माझ्याकडे कशी? ताई ‘गंज’ची. ‘गंज’ तुमच्याकडे ना?”

“अरे, सहा वर्षं आमच्यात गातेय ती! आमची, म्हणून तर तुझ्याकडे.”

सकाळच्या तपासणीत घसा जपायचा म्हणून ताई गायलीच नव्हती. कोणीतरी तिच्या माइकवर टिचकी मारली, हॉलचा स्पीकर टकटकला आणि सगळे पुढच्या कामाला लागले. तिच्या माइकची वायर सरळ स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीत जात होती, पुढे कुठेच नाही. साठ माणसं ऐकत होती, आणि ते कुठेही नोंदलं जात नव्हतं.

पेटी केबिनमध्येच होती. तिच्यातून दुसरी वायर काढून मशीनला जोडली की झालं. बारक्या गुडघ्यांवर बसून खोकी उपसायला लागला. पहिली वायर आखूड निघाली. दुसरीचं टोक पेटीत बसेना. तिसरी हाताला लागली तेव्हा बाहेर ताई परत स्टुलावर बसत होती. चार मिनिटं संपली होती.

“दुसरं अडतिसाव्याला आहे,” वहिनी म्हणाल्या. “जोड लवकर.”

“मशीन थांबवल्याशिवाय नवं चॅनल घेत नाही. दहा-बारा सेकंद जातील. माझ्यात दादांचे ड्रम आहेत. उद्या म्हणतील, ‘गंज’वाल्यांनी मुद्दाम कापलं.”

“थांबव तू. दादांना मी बघते. बारा सेकंद कापले गेले म्हणून कोणी उपाशी राहत नाही, पण माझ्याशी भांडला तर राहील.”

त्याने मशीन थांबवलं, वायर खुपसली, परत सुरू केलं. आठ दिवे लागले. नववा अंधारातच राहिला. तो बरोबर होता की वायर तुटकी होती, हे ताई गायल्याशिवाय कळणार नव्हतं. बसताना तिने माइकचं बटण बंद केलं होतं, आणि भर कार्यक्रमात कोणाला पाठवून ते लावायला सांगणंही शक्य नव्हतं.

पुढची बारा मिनिटं बारक्या नवव्या दिव्याकडे बघत बसला. तळहात पँटला पुसत राहिला. बाहेर दोन्ही ड्रमवाले एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजवत होते, काचा थरथरत होत्या. ताई ओठांशी टॉवेल धरून बसली होती. तिला उठता आलं नाही तर? उठली आणि आवाजच फुटला नाही तर?

अडतिसाव्या मिनिटाला ती उठली. नववा दिवा लागला. वहिनींनी बारक्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या. लोक रेंगाळत असतानाच ताई केबिनमध्ये आली. आवाज कुजबुजीएवढाच उरला होता.

“आला?”

“आला.”

“दोन्ही?”

वहिनी काचेबाहेर बघायला लागल्या. बारक्या बहिणीला ओळखून होता. खरं सांगितलं तर ती परत माइकपाशी जाईल. खोटं सांगितलं तर उद्या ते खोटं घेऊनच ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपेल.

“दुसरं नीट आलंय. पहिलं ड्रमच्या माइकमध्ये जेवढं शिरलं तेवढंच आहे. लांबून.”

“ऐकव.”

त्याने लावलं. झांजांच्या खणखणाटामागे, दोन खोल्या पलीकडे कोणी दार लावून गात असावं, तसा तिचा आवाज होता. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

“विसरलं कोण?”

“मला वाटलं तू वहिनींकडे. त्यांना वाटलं माझ्याकडे.”

“सहा वर्षं ओढाताण केलीत,” ताई हसली, “आणि ऐन वेळी दोघांनी हात सोडला!”

हसता हसता खोकला आला. टॉवेलवर शर्टाच्या बटणाएवढा लाल डाग पडला. तिने तो घडीत लपवला.

“चल, परत घेऊ. लोक आहेत अजून.”

“नाही.”

“बारक्या, मशीन लाव.”

“ताई, रक्त आलंय. मी पाहिलं.”

“आणि उद्यानंतर कुठून आणशील माझा आवाज?”

ती दाराकडे वळली. तो दारात आडवा उभा राहिला. लहानपणापासून तिला ‘नाही’ म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“जा, गा. मी मशीन लावणार नाही. वहिनीही लावणार नाहीत. कोणाच्याच मशीनवर येणार नाहीस.”

ताईने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी आपलं मशीन बंद करून प्लग उपटला होता, आणि त्या रडत होत्या.

ती खुर्चीत बसली. टॉवेलाची घडी उलगडून तिने डाग पाहिला.

“पहिलं आहे तसं ठेव,” ती म्हणाली. “लांबचं लांबच राहू दे. ओढूनताणून मोठं केलंस तर बघ.”

वहिनींनी हॉस्पिटलला फोन लावला. डाग किती मोठा, कधी पडला, असं विचारून पलीकडची बाई म्हणाली, सहाची वाट बघू नका, आत्ताच आणा.

बारक्याने गाडी काढली. ताई मागे वहिनींच्या खांद्यावर मान टाकून बसली. रस्ता रिकामा होता. त्याने चारही काचा वर घेतल्या, पंखा बंद केला आणि गाडी चालवताना मागून येणारा तिचा एकेक श्वास ऐकत राहिला. एक आला की पुढच्याची वाट बघत.