सातवं वलय

“शर्मिलाताई, ती बांगडी काढा. नाहीतर रुमाल तरी गुंडाळा,” दशरथकाका म्हणाले होते.

“निघत नाही हो, बाळंतपणानं हात सुजलेत. काही होत नाही, काका!” अक्षता तेव्हा पाच महिन्यांची. शर्मिलाला दोनच्या आत घर गाठायचं होतं. रुमाल कोण शोधत बसणार?

हे चार वर्षांपूर्वीचं, नव्याण्णव सालचं. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते आणि शर्मिला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत द्रवस्फटिकाच्या पातळ थरावर हिरवा लेझर टाकून पीएच.डी. करत होती. काका तिथले मदतनीस. नव्या मुलांना ते आपल्या परीनं समजावत, “नुसत्या उजेडाला हे रेणू हिंग लावून विचारत नाहीत. चिमूटभर रंग घाला. रंगाचे रेणू उजेड पितात अन् शेजाऱ्यांना कोपरानं ढोसतात. मग अख्खी आळी तोंड फिरवते!”

आळीनं तोंड फिरवलं की पडद्यावर एकेक हिरवं वलय उमटे. संरक्षक चष्मा एकच होता. “लेकरू अंगावर पितंय, तुम्ही घाला,” म्हणून काकांनी तो तिलाच दिला. पण त्यातून हिरवं दिसतच नसे. वलयं मोजायची ती काकांनी, उघड्या डोळ्यांनी.

“चार... पाच... सहा...”

थर जरासा सरकवायला शर्मिलानं हात पुढे केला. बांगडी लखकन चमकली. काका गप्प झाले.

“काय झालं?”

“शिंक अडली. लिहा, सात.”

तिनं लिहिलं. प्रबंध झाला, काका निवृत्त होऊन धायरीला राहायला गेले. ती अधूनमधून जाते. आताशा चहा ओतताना काकांची धार कपाबाहेर जाते. उजवीकडून अक्षता आली की ते दचकतात, आणि मग तिला मांडीवर घेऊन हसतात.

“काका, डोळा दाखवू या का?”

“डॉक्टर झालात, पण डोळ्यांच्या नाही! वय झालंय माझं.”

तिला ते खरं सांगणारच नाहीत. सांगितलं तर तिला झोप लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. परक्या माणसाला मात्र सांगतील. तेव्हा तुम्ही कधी धायरीला गेलात, तर त्यांच्याकडे जरा डोकावा. गप्पांच्या ओघात डावा डोळा झाकायला लावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख विचारा. काय म्हणतात ते शर्मिलाला कळवाल ना?