पुस्तकावरचा भंडारा

माझं तोंड फाटकं हाय हे अख्ख्या इंदापुराला ठावं हाय. कॉलेजच्या लायबरीच्या फाटकाशी माझी च्याची टपरी. पोरं मला जयवंतामावशी म्हनत्यात आन् च्या गार झाला तरी गप पित्यात, कारन तक्रार केली तर काय ऐकावं लागंल ते त्यांना म्हाईत असतं. तर ह्या लायबरीची गोष्ट सांगते. दारातल्या फरशीवर कोरलेली न्हवं, ती तुमी वाचा की. मी बघितलेली सांगते.

आदी कॉलेजची पुस्तकं मार्केट यार्डामागच्या बियान्याच्या जुन्या गोदामात व्हती. पोरांनी पुस्तक उघडलं की आतनं ज्वारीचं किडं पडायचं. मग नवी इमारत बांधायची ठरली, तवा जागा मागत मंडळी गावभर हिंडली. बागायतदारांनी च्या पाजला आन् वाटंला लावलं. जागा दिली भीमाआबा धनगरानं. हायवेच्या अंगाला त्याचा माळ व्हता, मेंढरं थांबवायचा. "माझ्या नातवंडांनी हितं बसून शिकावं," येवढंच म्हनला. पाया खांदायच्या आदी त्यानं समदी मेंढरं त्या माळावर आनून बसवली. आमच्याकडं रानात मेंढरं बसवत्यात ती रानाचं भलं व्हावं म्हनून. सकाळी इंजिनेर आला, लेंड्या बघितल्या आन् नाकाला रुमाल लावला. आज लायबरीपुढं जे गुलाब हायेत ना, तसं गुलाब तालुक्यात न्हाईत. त्यातलं एक फूल आबाजीसायबाच्या टेबलावर रोज असायचं.

आबाजीसायेब म्हंजी लायबरीचा मुख्य. कपाळाला गंध, अंगाला अत्तर, आन् बोलनं असं की समोरच्याला आपन आंघोळ केली न्हाय असंच वाटावं. मानूस हुशार, खोटं कशाला बोलू. त्यानंच वर मोठी अभ्यासिका काढली, पंखं लावलं, पोरींना येगळं टेबल दिलं, जुन्या परीक्षांचं पेपर बांधून ठिवलं. गरिबाच्या पोरांना वर्षभराच्या पुस्तकांचा सगळा संच घरी न्यायला मिळायचा, ती सोयबी त्याचीच. पर सोय दिली म्हंजी मानूस इकत घेतला, असा त्याचा कायदा. आन् दारात त्यानं पाटी लावली व्हती, "हे ज्ञानाचे मंदिर आहे. चपला बाहेर काढाव्यात." मी च्या घेऊन जायची तर मलाबी अनवानी जावं लागायचं. उन्हाळ्यात पायऱ्या अशा तापायच्या की शिव्या देतच चढायची.

भीमाआबा इमारतीवर छत चढायच्या आदीच गेला. मागं त्याची बायको कुशाबाई, लेक बिरू आन् बिरूची पोरगी राजेश्वरी. उद्घाटनाला कुशाबाईला मांडवात शेवटच्या रांगंत बसवलं, एक नारळ दिला, आन् इसरून गेली मंडळी. ती मातर न्हाय इसरली. तालुक्याला आली की माझ्या टपरीवर टेकायची आन् इमारतीकडं बघत बसायची. एकदा नातीला म्हनली, "पाटीवर काय लिवलंय गं?" राजेश्वरीनं वाचून दावलं. म्हातारीनं हितनंच हात जोडलं.

श्याण्णव साली राजेश्वरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला व्हती, इतिहास घेऊन. काय पोरगी व्हती! वाडीवरनं सायकल हानत यायची, पंख्याखाली बसायची ती दिवस मावळंस्तवर. मधी कवातरी येऊन म्हनायची, "मावशी, अर्धा द्या, डोकं जड झालंय." बापानं तिला शब्द दिला व्हता. पयल्या वर्गात आली तर बारामतीला बी.एड.ला घालीन, मास्तरीन हो. न्हाय आली, तर भिगवणचं स्थळ सांगून आलंय, गप बोहल्यावर उभी ऱ्हा. बिरू काय वंगाळ मानूस न्हवता. दोन्ही बाजूंनी शब्द दिऊन बसला व्हता, येवढंच. आन् पोरीचा पयला वर्ग कशावर अडला व्हता? त्या लायबरीच्या पुस्तकांवर. घरात एक पुस्तक इकतचं न्हवतं.

खंडेनवमी आली. त्या दिशी घरोघरी हत्यारं पुजत्यात, तशी कुशाबाईनं पुजायला काढली. कोयता, कुऱ्हाड, मेंढरं भादरायची कातर. राजेश्वरी पान्याला गेली व्हती. म्हातारीच्या मनात आलं, की आमी कातरीवर जगलो, ही पोरगी पुस्तकावर जगनार. मग तिचं हत्यार पुजायला नगं? संचातलं सगळ्यात जाडं पुस्तक तिनं पाटावर ठिवलं. वरनं पुठ्ठ्याला हळद लावून भागंना, आत देव असंल तर त्याला पोचावं म्हनून पुस्तक उघडलं आन् मधल्या पानावर बिरोबाचा भंडारा चिमूटभर टाकला, कुंकवाचं बोट वढलं. हात जोडून म्हनली, "माझ्या लेकराला यश दे." राजेश्वरीनं येऊन बघितलं तर पान पिवळंधमक. पोरगी रागावली न्हाय. म्हनली, "आज्जे, हे देवळातलं न्हाय गं." म्हातारी म्हनली, "मग पाटी खोटी हाय व्हय?"

राजेश्वरीनं पुस्तक मिटलं आन् परत संचात ठिवलं.

दिवाळीआदी संचाची पुस्तकं दावायला न्यावी लागत. पुस्तकं द्यायच्या खिडकीवरच्या कारकुनानं पान बघितलं आन् पुस्तक थेट आबाजीसायबाच्या खोलीत नेलं. सायेब भायेर आला. पुस्तक उघडून दोन्ही हातांनी वर धरलं, समद्या पोरापोरींना दिसंल असं. "बघा," म्हनला, "वाघ्या-मुरळीला पुस्तकं दिली की असं होतं." पोरं हसली. काहीजन सायेब हसला म्हनून हसली. राजेश्वरी म्हनली, "सर, आजीनं पूजा केली, चुकून झालं. वडील पुण्यातनं दुसरी प्रत आणतील." "मिळत नाही. छपाई बंद झालीय," सायेब म्हनला. "आजीला घेऊन ये. मग बघू."

मग बघू. ह्या दोन शब्दांवर पोरगी घरी गेली. म्हातारीला खरं सांगायला तिची जीभ रेटंना, म्हनून नुसतंच सांगितलं, "आज्जे, सायबानं तुला बोलावलंय." आन् कुशाबाईला वाटलं, इसरलेल्यांना आता आठवलं. जागा देनाऱ्याचा मान द्यायला बोलावत असतील.

दुसऱ्या दिशी म्हातारी आली ती काय थाटात. ठिवनीतलं हिरवं लुगडं, खांद्यावर नवं घोंगडं, वटीत नारळ. माझ्या टपरीपाशीच तिनं वहाना काढल्या. मी म्हनलं, "कुशाआत्या, अजून फाटकबी आलं न्हाय." म्हनली, "असूं दे गं, देवळाची हद्द हितनंच." राजेश्वरीकडं बघितलं तर तिचं तोंड मेल्यागत. मला काय ते कळंना, पर सायबाचा च्या न्यायचा व्हताच, तो घेतला आन् मागनं गेले.

खोलीत कुशाबाईनं नारळ टेबलावर ठिवला आन् खाली फरशीवर बसली. खुर्ची मोकळी व्हती, सायबानं बस म्हनलं न्हाय. त्यानं पुस्तक उघडून तिच्यापुढं सरकवलं. "हे तू केलंस?"

"व्हय सायेब," म्हातारी म्हनली, आन् हसली. तिला वाटलं शाबासकी मिळतीय.

"पूस."

तिला कळलं न्हाय. त्यानं टपालाची तिकिटं वली करायचा स्पंज तिच्याकडं ढकलला. "पूस म्हणतोय. डाग निघाला तर पोरीचा संच ठेवतो तिच्याकडं."

कुशाबाईचं हसू तसंच राह्यलं तोंडावर, काढायचं इसरल्यागत. म्हनली, "सायेब, भंडारा हाय. देवाचा. तो कुनी पुसतं का?"

"देवळात घाण चालत नाही, आजी. पाटी वाचता येत नाही तुला, पण ऐकू तर येतं?"

राजेश्वरी फुडं झाली. "सर, मी पुसते." सायेब म्हनला, "ज्याने घाण केली तोच पुसेल." अगदी गोड आवाजात. त्या मानसाला राग आलेला मी कवा बघितला न्हाय. राग आला असता तर माझ्या मनानं त्याला थोडं तरी माफ केलं असतं.

म्हातारीनं नातीकडं बघितलं. आता तिला समदं उमगलं व्हतं, मान कसला आन् बोलावनं कसलं. तिनं पयलं कपाळ त्या पानाला टेकवलं. मग स्पंज बाजूला सारला, पदराचं टोक जिभंवर वलं केलं आन् पुसाय लागली. हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तसं. भंडारा निघंना, पसरला. तिनं जोर दिला. जुनं पान ते, पातळ. टर्रकन फाटलं आन् मधला तुकडा पदराबरूबर निघून आला.

सायबानं पुस्तक आपल्याकडं वढलं.

"फाडलंस की," सायेब म्हनला. मग राजेश्वरीकडं वळून, "डाग पडला होता तोवर मी काहीतरी करू शकत होतो. पुस्तक फाडणाऱ्याचा संच बंद, अभ्यासिका बंद. नियम आहे. मी काय करणार?"

माझं डोकं फिरलं. मी म्हनलं, "सायेब, ज्या जिमिनीवर तुमची खुर्ची हाय, ती हिच्या नवऱ्यानं दिली. जरा लाज बाळगा." त्यानं कप उचलला, एक घोट घेतला आन् म्हनला, "साखर जास्त झालीय, जयवंता." दुसऱ्या दिशीपासनं त्यानं माझा च्या बंद केला आन् एस्टी स्टँडावरनं मागवाय लागला. तवा वाटलं, आदीच त्याच्या कपात थुकायला पायजे व्हतं. मग इचार केला, म्हशीच्या दुधाचा काय गुन्हा.

कुशाबाईनं तो तुकडा टाकला न्हाय. कपाळाला लावला, घडी घातली आन् भंडाऱ्याच्या पिशवीत ठिवला. नारळ टेबलावरच राह्यला. पायऱ्या उतरताना नातीला म्हनली, "माझ्या हातानं झालं गं." राजेश्वरी म्हनली, "तुझ्या हातानं न्हाय झालं, आज्जे. त्यानं तुझा हात वापरला." पर म्हातारीच्या कानात ते गेलंच न्हाय. ती हात पदराखाली घिऊन चालली व्हती, जसा भाजलाय.

पोरगी हटली न्हाय. मैत्रिणींची पुस्तकं मागून न्यायची, सकाळी परत द्यायची. माझ्या टपरीच्या बाकड्यावर बसून, हायवेच्या धुरळ्यात, ट्रकांच्या भोंग्यात वाचायची. वर अभ्यासिकेत पोरींच्या टेबलावर तिची जागा मोकळी दिसायची खिडकीतनं. परीक्षा झाली, निकाल लागला. पास झाली. पयला वर्ग हुकला, जरासाच. बिरूनं बारामतीचं नाव काढलं न्हाय, भिगवणकरांना होकार कळवला. मी त्याला म्हनलं, "बिरू, पोरीचं वाटोळं करतुयास." खाली बघून म्हनला, "शब्द दिलाय, जयवंतामावशी." श्रावण लागायच्या आदी लगीन झालं. सासरची हायवेवर खानावळ, मासळीचं जेवान. पोरगी चुलीपुढं बसली.

आन् त्याच साली खंडेनवमीला लायबरीत मोठा कार्यक्रम. बारामतीवरनं पाहुणं आलं, पेपरवाला फोटोग्राफर आला. ग्रंथपूजन म्हनं. टेबलावर लाल कापड, त्याच्यावर पुस्तकं मांडली, बाजूला चांदीच्या वाटीत हळद-कुंकू. आन् भूमिदात्याच्या पत्नीचा सत्कार. बिरूच आईला घिऊन आला, ती नगं नगं म्हनत असताना. पाहुण्यांसाठी च्या जास्त लागनार म्हनून त्या दिशी माझी आठवन झाली व्हती, तवा मी कोपऱ्यात किटली घिऊन उभीच.

शाल झाली, टाळ्या झाल्या. आबाजीसायेब वाकून म्हनला, "आजी, तुमच्या हातानं पुस्तकाला हळद-कुंकू लावा."

कुशाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतलं. "नगं सायेब," म्हनली. "माझा हात लागला की फाटतं."

पाहुणं हसलं. त्यांना वाटलं, खेड्यातली भोळी म्हातारी, लाजतीय. सायेबबी हसला. त्यानं पदराखालनं तिचं मनगट धरलं, भायेर वढलं, बोट कुंकवात बुडवलं आन् पुस्तकावर टेकवलं. फोटो निघाला.

तो फोटो आजबी खिडकीसमूर चौकटीत हाय. म्हातारीच्या डोळ्यात पानी हाय त्यात. सायेब नव्या पोरांना सांगायचा, "आजींना गहिवरून आलं होतं." कुशाबाई पुढच्या दिवाळीआदीच गेली. भंडाऱ्याची पिशवी तिच्यासंगंच दिली.

म्हातारी गेल्यावर एकदा राजेश्वरी आली, तहसीलात काय काम व्हतं म्हनून. हाताला चुलीचं चटकं. मी फोटोचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग उठली, सवयीनं माझ्या टपरीपाशीच चपला काढल्या आन् पायऱ्या चढून गेली. दारात शिपाई नवा व्हता. त्यानं हात आडवा घातला. "ओळखपत्र?"

तिनं आतल्या फोटोकडं मान लांबवून बघितलं, पर दारातनं काय दिसनार. मग पायऱ्या उतरून आली आन् चपला घातल्या.

मी म्हनलं, "थांब, मी येते संगं, कोन अडवतंय बघते." म्हनली, "नको मावशी."

"मग च्या तरी घे, अर्धा."

"नको, भिगवणची यष्टी हाय," म्हनली, आन् गेली.