बटणवाल्याचा होकार

आमदार झाला म्हणून काय आईच्या दुकानात मागच्या दाराने शिरायचं? तेही भर दुपारी, बूट हातात घेऊन! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटेला लावून ती पडद्यामागे गेली, तर लेक बटणांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसलेला.

घोळ त्याच्या जिभेने घातला होता. ही गल्ली पाडून रस्ता रुंद करायचं विधेयक काल सभागृहात आलं. नाही म्हणायचं ठरवून गेलेला हा बाबा. पण अध्यक्षांनी विचारलं आणि वीस वर्षं गल्ल्यावर मुरलेली सवय आड आली. तोंडातून निघालं, "हो."

सवय लावली होती म्हातारीनेच. बटण शिंगाचं मागा की शिंपल्याचं, दुकानात नसलं तरी गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, दुसऱ्या दिवशी कुठून तरी आणून द्यायचं. याच गोड तोंडावर लेक दोनदा निवडून आला होता.

आता उद्या शेवटचं मतदान. त्यासाठी आज पक्षाचा आदेश आला होता, हो म्हणायचा. मोडला तर आमदारकी जाणार, पाळला तर गल्ली, आणि गल्लीत पहिलं दुकान यांचंच. बाहेर गल्लीतले शिंपी आणि चप्पलवाला जाब विचारायला उभे होते. घड्याळवाल्याने तर आता मागच्या दाराशीही स्टूल टाकलं होतं. लेकाने आईला गळ घातली, मी परगावी गेलोय म्हणून सांग.

त्याच्या जाकिटाचं मधलं बटण लोंबत होतं. शपथविधीचं जाकीट, शिंप्याने फुकट शिवून दिलेलं. तिने सुई ओवली आणि अंगावरच टाका घातला. आता त्याला हलायचीही सोय उरली नाही.

"आई, नाही म्हटलं तर घरी बसावं लागेल गं."

म्हातारीने दोरा दातांनी तोडला आणि पडदा सर्रकन बाजूला सारला. काउंटरापलीकडे शिंपी उभाच होता.

"नसलेलं बटण मी दुसऱ्या दिवशी आणून देत होते, म्हणून हो म्हणत होते. तू ही गल्ली कुठून आणून देणार आहेस? हो म्हणायची तुझी लायकीच नाही. बूट घाल आणि पुढच्या दाराने बाहेर पड."